चान्सरी : कागदापलीकडचं कोर्ट



लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी वेस्टमिन्स्टर हॉल नावाचं एक प्रचंड दालन आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, सुमारे २४० फूट लांब. कित्येक शतकं इंग्लंडची मुख्य न्यायालयं या एका छपराखाली भरत होती. एका बाजूला कॉमन प्लीजचं कोर्ट, वरच्या टोकाला एका कोपऱ्यात किंग्ज बेंच आणि दुसऱ्या कोपऱ्यात चान्सरी. मधल्या मोकळ्या जागेत पक्षकार, कारकून, पुस्तकं विकणारे आणि नुसते बघे.

१५२९ च्या ऑक्टोबरमध्ये सर थॉमस मोर लॉर्ड चान्सेलर झाले आणि चान्सरीच्या आसनावर बसू लागले. त्यांचे वडील सर जॉन मोर त्या वेळी किंग्ज बेंचमध्ये न्यायाधीश होते, म्हणजे पदानं मुलापेक्षा बरेच खाली. मोर यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहून ठेवलं आहे, की आपल्या कोर्टाकडे जाताना वडील आधीच येऊन बसलेले दिसले, की चान्सेलर वाट वाकडी करून तिकडे जात, भरल्या कोर्टात गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत आणि मगच आपल्या कामाला लागत.

मला या प्रसंगात चान्सरीचा सगळा इतिहास दिसतो. वयानं कॉमन लॉ, म्हणजे वडिलांच्या कोर्टाचा कायदा, थोरला, चान्सरी धाकटी. अधिकार मात्र धाकटीचा वरचढ. तिनं थोरल्याचा मान राखायचा, त्याचा निकाल खोडायचा नाही. आणि तरीही, त्याच्या निकालानं कोणाचा गळा आवळला जात असेल, तर मध्ये पडायचं. हे तिनं कसं साधलं आणि पुढे ती स्वतःच लोकांच्या गळ्याचा फास कशी झाली, ते आज सांगायचं आहे.

हा विषय मी का निवडला, तेही सांगतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या वकीलसाहेबांकडे मी ज्युनिअर होतो. एका दुपारी एक म्हातारे शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दस्त घेऊन आले. मुदत खरेदीखत. अमुक वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत, नाहीतर खरेदी कायम. मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी दस्त वाचला आणि मनात म्हटलं, संपलं. वकीलसाहेबांनी तो पाठपोट वाचला, टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "हे राहू द्या आता. तुमच्या दोघांत ठरलं काय होतं, ते सांगा." म्हातारे बोलायला लागले. जमीन आजही तेच कसत होते. दरवर्षी सुगीनंतर समोरच्याला पैसे नेऊन देत होते. शब्द खरेदीचा होता, व्यवहार गहाणाचा होता. कागद बाजूला ठेवून माणसाला विचारण्याची ही पद्धत किमान सहाशे वर्षांची आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

तिला इंग्रजीत इक्विटी म्हणतात. मराठीत शब्द आहे समन्याय. कोर्टाच्या आवारात मात्र सगळे इक्विटीच म्हणतात, म्हणून मीही दोन्ही वापरीन.

चान्सेलर मुळात न्यायाधीश नव्हता. तो राजाचा मुख्य चिटणीस. राजाची मोठी मुद्रा त्याच्या ताब्यात. शिक्कामोर्तब त्याच्या हातून व्हायचं. राजाच्या कोर्टात दावा लावायचा तर आधी त्याच्या कचेरीतून, म्हणजे चान्सरीतून, पैसे मोजून एक हुकूम घ्यावा लागे. त्याला रिट म्हणत. जमीन हिरावली तर एक रिट, देणं थकलं तर दुसरं, मारहाण झाली तर तिसरं. तुमचं दुःख एखाद्या रिटाच्या साच्यात बसलं तर कोर्टाचं दार उघडायचं. सुरुवातीला कचेरी नव्या तक्रारींसाठी नवी रिटं काढत असे. पण म्हणजे एक चिटणीस कायदाच घडवत होता, आणि ते सरदारांना खपेना. १२५८ च्या ऑक्सफर्डच्या ठरावांनी चान्सेलरला बांधून टाकलं, की राजाच्या आणि मंडळाच्या संमतीवाचून नव्या धर्तीची रिटं काढायची नाहीत. पुढे थोडी सवलत मिळाली, तरी साचे हळूहळू घट्ट होत गेले.

याचा त्रास कसा होई, त्याचं त्या काळी कायदेपंडित नेहमी देत ते उदाहरण सांगतो. एका माणसानं मोहोरबंद रोखा लिहून देऊन कर्ज घेतलं. वेळेवर फेडलं. पण रोखा परत घेऊन फाडायचा राहून गेला, पावतीही घेतली नाही. धनकोनं तोच रोखा कोर्टात आणला. कॉमन लॉचा न्यायाधीश म्हणे : रोखा खरा आहे ना? मोहोर तुझीच ना? मग पुन्हा पैसे भर. न्यायाधीश दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की एका निष्काळजी माणसासाठी मोहोरबंद कागदाची किंमत घालवली, तर उद्या कोणाचाच कागद टिकायचा नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी आग्रहानं सांगतो. कागदाची पत गेली तर पहिला मार गरिबालाच बसतो. तरीसुद्धा एकच कर्ज दोनदा फेडणाऱ्या माणसाला तुम्ही घरी काय सांगून पाठवणार?

तो माणूस राजाकडे अर्ज करी. देवाच्या नावानं, दयेखातर, माझ्याकडे बघा. असे अर्ज इतके साचू लागले, की राजा आणि त्याचं मंडळ ते चान्सेलरकडे पाठवू लागले, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोक थेट चान्सेलरलाच अर्ज करू लागले. चान्सेलर बहुधा बिशप किंवा आर्चबिशप असे. पापाची कबुली ऐकणं, मनात काय आहे ते काढून घेणं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. राजाच्या सदसद्विवेकाचा राखणदार असं त्याला म्हणत. १४८९ मध्ये आर्चबिशप मॉर्टन यांनी चान्सेलर म्हणून भर कोर्टात बजावलं होतं, की मृताची मालमत्ता गिळून ती परत न करणारा व्यवस्थापक नरकात जाईल.

इथे चान्सरीची खरी हुशारी आहे. चान्सेलर त्या धनकोला एक हुकूम धाडी : अमुक दिवशी हजर राहा, नाहीतर इतका दंड. या हुकमाला सबपीना म्हणत, म्हणजे दंडाच्या भयानं. कशाबद्दल बोलावलं आहे हे त्यात लिहिलेलं नसे. तो आला, की त्याला शपथेवर बोलतं करायचं. कॉमन लॉच्या कोर्टांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वादी-प्रतिवादींना स्वतःची साक्षच देता येत नव्हती. ज्याचा दाव्यात स्वार्थ तो खोटं बोलणार, असा समज. चान्सरीत उलट. तूच सांग, पैसे मिळाले होते की नाही? मिळाले होते असं निघालं, तर चान्सेलर म्हणे : रोखा खरा आहे, हक्कही तुझा आहे. पण हा हक्क बजावणं तुझ्या विवेकाला शोभत नाही. तेव्हा रोखा इथे आणून दे. आणि देत नसशील तर फ्लीटच्या तुरुंगात राहा, मन बदलेपर्यंत.

म्हणजे कायदा तसाच ठेवायचा, निकाल तसाच ठेवायचा. हात घालायचा तो माणसाला. चान्सरीनं पुढच्या चारपाचशे वर्षांत जे जे केलं, ते या एका युक्तीवर उभं आहे.

या युक्तीतून विश्वस्त जन्माला आला. समजा, एखाद्या जमीनदाराला मरणानंतर आपली जमीन मुलींनाही मिळावी असं वाटतंय. कॉमन लॉ मृत्युपत्रानं जमीन देऊ देत नाही. मग तो हयातीतच जमीन दोन-तीन भरवशाच्या मित्रांच्या नावावर करतो : नाव तुमचं, उपभोग माझा, आणि माझ्यामागे मी सांगेन त्यांचा. फ्रान्सिस्कन साधूंनी निर्धनतेचं व्रत घेतलेलं, त्यांना मालकी चालत नसे. त्यांच्यासाठीही लोक अशीच जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवत. पुढे मित्र उलटला तर? कॉमन लॉ म्हणणार, नाव त्याचं, जमीन त्याची. चान्सेलर त्या मित्राला बोलावून विचारणार : नाव तुझं आहे, कबूल. पण शब्द कोणाला दिला होतास? या व्यवस्थेमुळे राजाची वारसाहक्काची आमदनी बुडू लागली, तेव्हा आठव्या हेन्रीनं १५३६ मध्ये कायदा करून ती मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही. वकिलांनी वाटा काढल्या आणि तिच्यातून आजचा ट्रस्ट उभा राहिला. लग्न झालेल्या इंग्रज बाईची मिळकत कॉमन लॉनं नवऱ्याच्या हाती जात असे. मुलीच्या बापानं विश्वस्तांच्या नावावर ठेवली, तरच चान्सरी ती तिच्यासाठी राखत असे. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना जुनी. तिथल्या बाईला मात्र १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत चान्सरीचाच आडोसा होता, आणि तोही पैसेवाल्याच्या मुलीला.

आता पुन्हा थॉमस मोर यांच्याकडे येऊ. चान्सरीच्या मनाई हुकमांबद्दल कॉमन लॉचे न्यायाधीश कुरकुर करतात, हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी सगळ्या न्यायाधीशांना वेस्टमिन्स्टरमध्ये जेवायला बोलावलं. जेवणानंतर आपण दिलेल्या एकेका मनाई हुकमाचं कारण त्यांच्यापुढे मांडलं. न्यायाधीशांना कबूल करावं लागलं, की आपणही दुसरं काही केलं नसतं. मग मोर म्हणाले : तुम्हीच तुमच्या अधिकारात कायद्याचा कडकपणा सैल करा, मी यापुढे एकही मनाई हुकूम देणार नाही. न्यायाधीशांनी नकार दिला. रोपर सांगतात, की मोर यांच्या मते या न्यायाधीशांना सगळा भार ज्युरीच्या निर्णयावर टाकून मोकळं व्हायचं होतं. निवाड्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यायची नव्हती. जेवणाच्या टेबलावर चाललेलं हे बोलणं यशस्वी झालं असतं, तर दोन वेगळ्या न्यायव्यवस्थांचा साडेतीनशे वर्षांचा संसार कदाचित तेव्हाच एक झाला असता.

तसं झालं नाही आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी भांडण चव्हाट्यावर आलं. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण दोन्हीकडची माणसं तोलामोलाची आहेत. किंग्ज बेंचचे मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड कोक, म्हणजे कॉमन लॉचा महामेरू. चान्सरीत लॉर्ड एल्समिअर, पूर्वीचे थॉमस एगर्टन. एगर्टन किती कडक होते, ते १५९६ च्या एका हुकमावरून कळतं. एका दाव्यात मिलवर्ड नावाच्या वादीच्या बाजूनं १२० पानांचा जबाब दाखल झाला. सोळा पानांत मावलं असतं. तो वादीच्याच मुलानं लिहिला होता. एगर्टननी हुकूम दिला : शनिवारी सकाळी दहा वाजता फ्लीटच्या तुरुंगाधिकाऱ्यानं या मुलाला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आणावं, त्या कागदांच्या मधोमध भोक पाडावं, त्यातून त्याचं डोकं काढून लिहिलेली बाजू बाहेर येईल असा तो जबाब गळ्यात लटकवावा, आणि बोडक्या डोक्यानं, कोर्टं चालू असताना, तिन्ही कोर्टांसमोरून त्याला फिरवावं. वर १० पौंड दंड आणि प्रतिवादीचा खर्च वेगळा. पक्षकाराला कागदाच्या ओझ्याखाली दडपणं हा गुन्हा आहे, असं चान्सरीच्याच प्रमुखाला एकेकाळी वाटत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर ऑक्सफर्डच्या अर्लचा खटला. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजची लंडनमध्ये ऑल्डगेटजवळ जमीन होती. १५७१ च्या कायद्यानं कॉलेजांना जमिनी विकायला बंदी केली होती. त्यातून पळवाट अशी काढली, की कॉलेजनं जमीन एलिझाबेथ राणीला द्यायची आणि राणीनं ती बेनेडिक्ट स्पिनोला या जिनोव्हाच्या व्यापाऱ्याला. कल्पना अशी की कायदा राणीला लागू नसणार. स्पिनोलाकडून जमीन ऑक्सफर्डच्या अर्लनं विकत घेतली. तिथे १३० घरं उठली, १०,००० पौंड खर्ची पडले. मग चाळीसएक वर्षांनी कॉलेज जागं झालं : तो व्यवहार मुळातच बेकायदा, जमीन आमची, आणि जमिनीवरची घरंही आमचीच. कोक यांच्या कोर्टानं १६१५ मध्ये कॉलेजच्या बाजूनं कौल दिला. कायद्याचा शब्द पाहता तो चुकला, असं म्हणता येत नाही.

अर्लचा मुलगा आणि घरांत राहणारे चान्सरीत गेले. कॉलेजचे प्रमुख बार्नबी गूच यांनी उत्तर द्यायलाच नकार दिला. निकाल झालाय, आता चान्सरीचा संबंध काय? एल्समिअरनी त्यांना फ्लीटमध्ये धाडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : किंग्ज बेंचच्या निकालात मी दोष काढत नाही. पण ज्याच्या हातात तो निकाल पडला आहे, त्याचं मन कठोर आहे, आणि त्या मनाला आवर घालणं हे माझं काम आहे. दुसऱ्यानं घरं बांधताना स्वस्थ बसायचं आणि बांधून झाल्यावर फुकट घ्यायची, हे त्यांना मान्य नव्हतं. यात मी एल्समिअर यांच्या बाजूचा आहे. कोक यांच्याबद्दल आदर बाळगूनही.

प्रकरण पहिल्या जेम्स राजापर्यंत गेलं. राजानं फ्रान्सिस बेकन आणि इतर कायदेपंडितांचा सल्ला घेतला आणि १६१६ च्या जुलैमध्ये चान्सरीच्या बाजूनं हुकूम काढला : दोहोंत विरोध आला तर इक्विटीचं चालेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोक पदावरून गेले. त्याला राजाशी झालेली इतर भांडणंही कारणीभूत होती. आणि पुढे चान्सेलर झालेले बेकन १६२१ मध्ये लाचखोरी कबूल करून ४०,००० पौंड दंडासह पायउतार झाले. विवेकाच्या राखणदाराचा विवेक कोण राखणार, हा प्रश्न तेव्हापासून चान्सरीच्या मागे लागला.

टीकाकारांचा दुसरा आक्षेप याहून खोल होता. कायद्याला मोजमाप असतं, विवेकाला काय? जॉन सेल्डेन यांनी विचारलं, की चान्सेलरच्या विवेकानं न्याय मोजायचा म्हणजे लांबी मोजायला चान्सेलरचं पाऊल हे माप ठरवण्यासारखं आहे. एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड. टोमणा बोचणारा होता आणि खराही. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या काळातल्या संसदेनं चान्सरी रद्दच करण्याचा ठराव केला. तो अमलात आला नाही. पण १६७३ पासून लॉर्ड नॉटिंगहॅम यांनी ठाम सांगायला सुरुवात केली, की माझा खाजगी विवेक वेगळा आणि या कोर्टाचा विवेक वेगळा. कोर्टाचा विवेक पूर्वीच्या निवाड्यांच्या ओळीनं चालेल. पुढे लॉर्ड हार्डविक यांनी १७३७ ते १७५६ या काळात त्याला शास्त्राचं रूप दिलं.

या काळातली चान्सरीची सर्वांत मोठी देणगी गहाणाची आहे, असं मी मानतो. कॉमन लॉप्रमाणे ठरलेल्या दिवशी पैसे आले नाहीत, की जमीन कायमची गेली. एक दिवस उशीर झाला तरी गेली, आणि कर्जाच्या कितीतरी पट किमतीची असली तरी गेली. चान्सरीनं म्हटलं, गहाण म्हणजे तारण. मुद्दल, व्याज आणि खर्च घे आणि जमीन सोड. सावकार मग गहाणखतातच अटी घालू लागले, की सोडवण्याचा हक्क मी स्वखुशीनं सोडतो आहे. चान्सरीनं त्या अटीही मानल्या नाहीत. १७६२ मध्ये लॉर्ड नॉर्थिंग्टन यांनी याचं कारण सांगितलं : अडलेला माणूस खऱ्या अर्थानं मोकळा नसतो, आजची अडचण भागवण्यासाठी तो धूर्त माणसाच्या वाटेल त्या अटी मान्य करतो. आपल्याकडे याला तीन शब्द पुरतात. गरजवंताला अक्कल नसते. आपण ही म्हण त्या गरजवंताला दोष द्यायला वापरतो. चान्सरीनं तिच्यावरून सावकाराचा हात धरला.

आणि मग हेच कोर्ट नासलं. कसं नासलं, हे समजून घेताना एखाद्या खलनायकाला शोधू नका. लॉर्ड एल्डन घ्या. १८०१ ते १८२७ या काळात, मधलं एक वर्ष सोडलं, तर तेच चान्सेलर. ज्ञान अफाट, निवाडे अचूक. पण सगळं त्यांनाच बघायचं, प्रत्येक कागद वाचायचा, प्रत्येक बाजू पुन्हा तोलायची, आणि निकाल राखून ठेवायचा. सेल्डेनचा तो पावलाचा टोमणा आपल्याला कधी लागू पडू नये, याची त्यांना फार काळजी होती. त्या काळजीपायी दावे वर्षानुवर्षं पडून राहिले. खालची कचेरी तर प्रत्येक पायरीवर फी घेणाऱ्यांची. साक्षी लेखी. प्रश्न लेखी, उत्तरं लेखी, त्यांच्या नकला, नकलांच्या नकला. नकलेचे पैसे पानांवर. मग पान भरायला किती कमी शब्द लागावेत, यात कारकुनाचा स्वार्थ. ज्या कोर्टानं एका मुलाच्या गळ्यात १२० पानं अडकवून त्याची धिंड काढली, त्याच कोर्टाचा संसार पानांवर चालू लागला.

विल्यम जेनेन्स नावाचा अतिश्रीमंत गृहस्थ १७९८ मध्ये वारला. खिशात मृत्युपत्र सापडलं, पण सही नव्हती. सही करायला गेले तेव्हा चष्मा घरी राहिला होता, असं सांगतात. वीस लाख पौंडांच्या आसपासची मिळकत. वारसदार म्हणवणारे चहूकडून उभे राहिले आणि त्या मिळकतीवरची भांडणं १९१५ पर्यंत चालली. चार्ल्स डिकन्स यांनी १८४४ मध्ये आपल्या ख्रिसमस कॅरलची चोरून नक्कल छापणाऱ्यांवर चान्सरीत दावा लावला. जिंकले. समोरच्यांनी दिवाळं काढलं आणि डिकन्सना सुमारे ७०० पौंडांचा खर्च स्वतः सोसावा लागला. १८५२ पासून क्रमशः निघालेल्या ब्लीक हाऊस या कादंबरीत त्यांनी चान्सरीचं जे चित्र काढलं, ते असं पदरमोड करून काढलेलं आहे. विधवा, पोरकी मुलं, वेडसर माणसं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे कोर्ट निघालं, त्यांचीच घरं त्यानं धुऊन नेली. उशीर हा समन्यायाचा शत्रू आहे, हे सूत्र चान्सरीनं पक्षकारांना कायम ऐकवलं. स्वतःला ऐकवलं नाही, हा तिचा अपराध.

सुधारणा आल्या. १८५२ मध्ये चान्सरीच्या मास्टरांची, म्हणजे चान्सेलरच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांची, पदं गेली, कामकाज सुटसुटीत झालं. अखेर १८७३ आणि १८७५ च्या कायद्यांनी सगळी कोर्टं एका उच्च न्यायालयात आणली. १ नोव्हेंबर १८७५ पासून कुठलाही न्यायाधीश कॉमन लॉ आणि इक्विटी दोन्ही वापरू लागला, आणि जेम्स राजानं १६१६ मध्ये दिलेला निर्णय आता कलमातच लिहिला गेला : विरोध आला तर इक्विटी श्रेष्ठ. चान्सरी कोर्ट संपलं. तिचं नाव उच्च न्यायालयाच्या एका शाखेला आजही आहे.

त्याच १८७५ साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कागद. रोखे, गहाणखतं, हुकूमनामे. ते मिळवून जाळले. ज्या कोर्टात फक्त कागद बोलतो आणि माणसाला कोणी विचारत नाही, तिथे माणूस कागदावरच हात टाकतो. वास्तविक आपल्या मुलखात समन्यायाला कायद्याची जागा आधीच होती. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाला १८२० च्या दशकापासून इक्विटीचे अधिकार होते, आणि एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये म्हटलं होतं, की कायदा नाही, रूढी नाही, तर न्याय, समन्याय आणि सद्बुद्धीनं निवाडा करा. पण मुफसलातल्या कोर्टात रोखा पुढे आला, सही शाबीत झाली, की बऱ्याचदा एकतर्फी हुकूमनामा होई. शेतकरी तारखेला पोचतच नसे.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला; पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्याचं बारावं कलम काय सांगतं? न्यायाधीशानं रोख्यावर थांबू नये. दोन्ही पक्षांना विचारावं, व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून काढावा, खरं मुद्दल किती आणि व्याज किती ते स्वतः शोधावं. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. या कायद्याच्या उणिवा बऱ्याच होत्या आणि सावकारांनीही वाटा शोधल्या. पण पंधराव्या शतकातला एखादा बिशप चान्सेलर हे कलम वाचता, तर त्याला त्यात परकं काही वाटलं नसतं.

आपल्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचं काय झालं? कोर्टानं व्यवहार गहाणाचा ठरवला. निकाल लागायला अकरा वर्षं गेली. तोवर ते राहिले नव्हते. मुलानं पैसे भरले आणि जमीन सोडवली. वकीलसाहेब निकालाची प्रत हातात घेऊन बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिंकलो, पण त्यांना दाखवता आलं नाही."

एक निकाल मी मुद्दाम मागे ठेवला होता, तो सांगून थांबतो. लंडनजवळच्या रमफर्ड इथल्या बाजाराचा भाडेपट्टा एका माणसानं एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताच्या हाती ठेवला. मुदत संपत आली. विश्वस्तानं मुलाच्या नावे नूतनीकरण मागितलं. मालक म्हणाला, लहान मुलाशी मी करार करणार नाही. मग विश्वस्तानं पट्टा स्वतःच्या नावे घेतला. यात फसवणूक कुठेच नव्हती. मुलाला तो पट्टा मिळणारच नव्हता. विश्वस्तानं घेतला नसता, तर तिसऱ्यानं घेतला असता. दावा १७२६ मध्ये चान्सेलर लॉर्ड किंग यांच्यापुढे आला. त्यांच्या आधीचे चान्सेलर लॉर्ड मॅकल्सफील्ड आदल्याच वर्षी दोषी ठरले होते. चान्सरीच्या मास्टरांच्या जागा त्यांनी विकल्या होत्या, आणि त्या मास्टरांनी पक्षकारांचा कोर्टात ठेवलेला पैसा साउथ सी कंपनीच्या सट्ट्यात घालवला होता. त्या धुरळ्यात बसून लॉर्ड किंग यांनी निकाल दिला : पट्टा मुलाचा, त्यावरचा सगळा नफाही मुलाचा. जगातल्या कोणीही हा पट्टा घेतला असता तर चाललं असतं. एकट्या या विश्वस्ताला तो घेता येणार नाही. कारण ही सूट एकदा दिली, की पट्टे मुलांच्या नावे कधी नव्यानं होणारच नाहीत.

या सभागृहात शाळांचे, देवस्थानांचे, वाचनालयांचे, पतसंस्थांचे विश्वस्त आणि संचालक बसले आहेत. मीही त्यांतला एक आहे. तुम्हाला विनंती इतकीच आहे, की संस्थेला न मिळालेली जागा, न मिळालेलं कंत्राट, न मिळालेली संधी आपल्यापैकी कोणी स्वतःच्या नावे घेण्याआधी, रमफर्ड बाजाराचा तो निकाल कोणाकडून तरी समजून घ्या. छापील अहवालात तो जेमतेम एका पानाचा आहे.